न्यायला आल्याशिवाय

माझी धाकटी बहीण अंकिता, हिच्यावर मी लहानपणापासून जळते. हे आता उघड सांगायला हरकत नाही, कारण आईला, आप्पांना आणि आमच्या म्हशीलासुद्धा ते ठाऊक आहे. मला आजीचं नाव दिलं, अंजना. अंकिताच्या वेळी घरात नवा टीव्ही आला होता, म्हणून तिला टीव्हीतलं नाव मिळालं. मला बारावीनंतर घरी बसवलं, का तर आमच्या निमोणे गावातून शिरूरला जायला एसटी धड नव्हती. तिची वेळ आली तेव्हा एसटीही सुरू झाली होती आणि आप्पांचं मनही मोठं झालं होतं. ती डिप्लोमा करून रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. तिला न्यायला रोज फाट्यावर कंपनीची बस यायची. मला न्यायला यायचं होतं ते फक्त सासरच्यांनी, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

माझं लग्न फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये झालं. नवरा मल्हारी, दौंडचा, रेल्वेत पॉइंट्समन. महिनाभर सासरी राहिले आणि पहिल्या पाडव्यासाठी आप्पा मला माहेरी घेऊन आले. चार दिवस राहायचं, मग सासरहून कुणीतरी न्यायला यायचं. आमच्यात पहिल्या वर्षी पोरगी आपल्या पायानं सासरी परत जात नाही. गेली तर गाव म्हणतं माहेरी जड झाली होती, आणि सासूला जन्मभर टोमणे मारायला आयतं कारण मिळतं. तर चौथ्या दिवशी अख्खा देश बंद झाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझं विघ्न लग्न उरकल्यावर आलं.

गावातल्या पोरांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. एप्रिल गेला, मे गेला, मी तक्रार केली नाही. जूनमध्ये फांद्या निघाल्या. जुलैत लोक एकमेकांच्या सावडण्याला आणि बारशाला जायला लागले. रेल्वेचं ओळखपत्र दाखवलं की पोलीस अडवत नाहीत, हे माझ्या नवऱ्यानंच मला फोनवर ऐटीत सांगितलं होतं. त्या ओळखपत्रावर तो बारामतीला मित्राकडे दोनदा जाऊन आला. निमोणं मात्र त्याला लांब पडत होतं. चाळीस किलोमीटर, आणि मध्ये भीमेचा पूल. आठवड्यातून एकदा फोन यायचा. जेवलीस का? हो. बरं. ठेवतो.

आणि त्याच घरात, त्याच पडवीत, अंकिता बसमधून उतरली रे उतरली की तिचा फोन वाजायचा.

त्याचं नाव येन्स. डेन्मार्कचा. कंपनीत नवी पॅकिंगची मशीन बसली तेव्हा ती चालू करून द्यायला आला आणि आठ महिने राहिला. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, भाकरी दोन्ही हातांनी मोडणारा. आप्पांसाठी तो अंकिताच्या कंपनीचा मोठा साहेब होता. आप्पांनी काय करावं? माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव छापलं. ‘प्रमुख उपस्थिती’च्या खाली, सरपंच आणि दूध संघाचे चेअरमन यांच्या मधोमध, ‘मा. श्री. येन्स साहेब (डेन्मार्क)’. लग्नात त्याला फेटा बांधला, माइकवरून तीनदा नाव पुकारलं. मी स्टेजवर हळदीनं पिवळी होऊन उभी, आणि आमचं सगळं वऱ्हाड मंडपाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावून. माझ्याच लग्नात मी पाहुणी झाले होते. तेव्हाही माझ्या पोटात दुखलं आणि अजूनही दुखतं.

पण तो अंकितासाठी साहेब नव्हता, हे घरात फक्त मला माहीत होतं. लग्नाच्या दहा दिवस आधी ब्लाउजची नक्षी बघायला मी तिचा मोबाईल घेतला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसं ब्लाउज राहिले बाजूला आणि मी फोटो बघत बसले. इनामगावला नदीकाठी दोघं दगडावर बसलेले. तिच्या स्कूटीवर तो मागे, गुडघे कानापर्यंत आलेले. दौंडच्या माणसांच्या कानावर गेलं तर माझं लग्न मोडेल, एवढंच मला दिसलं.

मी तिला देव्हाऱ्यासमोर उभी केली आणि खंडोबाच्या टाकापुढचा भंडारा उचलायला लावला. दोघांच्याही मोबाईलमध्ये एकसुद्धा एकत्र फोटो ठेवायचा नाही, पुन्हा काढायचा नाही, अशी शपथ. ती रडली, पण तिनं भंडारा उचलला, आणि माझ्यासमोर एकेक फोटो काढून टाकला. तिकडून त्यालाही काढायला सांगितले. मला वाटलं, तो कसला काढतोय. तर त्यानं काढले. अंकिता म्हणाली, त्यानं का म्हणूनसुद्धा विचारलं नाही, तुझ्या देवापुढं दिलेला शब्द म्हणजे शब्द, एवढंच म्हणाला. तेव्हा मला तो येडाच वाटला होता. माझं लग्न झालं, तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या देशात गेला, आणि दोन आठवड्यांनी विमानं बंद पडली.

ऑगस्टमध्ये एकदा मी धार काढत होते, तेव्हा अंकिता गोठ्यात आली आणि शेजारी उकिडवी बसली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मला आधीच राग आला. डेन्मार्कच्या सरकारनं नियम काढला होता, म्हणे. लग्न झालेलं नसलं तरी जोडप्यांना भेटायला येऊ द्यायचं. दोघांनी सही करून लिहून द्यायचं की आमचं खरंच नातं आहे, आणि प्रत्यक्ष भेटल्याचा पुरावा जोडायचा. जगभरातली अशी हजारो जोडपी अडकली होती आणि त्यांनी भांडून भांडून हा नियम मिळवला होता. येन्सनं त्याच्या बाजूचे सगळे कागद केले होते. नोव्हेंबरात त्याची कंपनी त्याला दोन वर्षांसाठी ब्राझीलला धाडणार होती, त्याच्या आत भेट झाली तर झाली. आप्पांना कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगायचं तिनं ठरवलं होतं.

फक्त पुरावा नव्हता. अख्ख्या निमोण्याकडे येन्सबरोबरचा फोटो होता. सरपंचांकडे होता, सलूनवाल्यानं तर फ्रेम करून लावला होता. अंकिताकडेच नव्हता, कारण लग्नात ती करवली म्हणून दिवसभर कलश घेऊन माझ्या मागे उभी होती, आणि बाकीचे फोटो मी खंडोबाच्या साक्षीनं पुसायला लावले होते.

“आक्के, तुझ्या अल्बममध्ये आसंल की,” ती म्हणाली. “स्टेजवर तो आला व्हता आहेर द्यायला. मी तितंच व्हते.”

अल्बम सासरी होता. फोटोग्राफर त्यांच्याकडचा, त्यामुळं जूनमध्ये अल्बम दौंडला पोचला होता. तसं सासूबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. मी म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं आणि अंकिताला सांगितलं की फोटोग्राफरचा कॉम्प्युटर बिघडला, सगळं उडालं, अल्बम झालाच नाही.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. नंतर मी स्वतःची समजूत घातली की अल्बम मागायचा तर नवऱ्याला फोन करावा लागेल, आणि मला न्या म्हणण्याआधी अल्बम द्या कसं म्हणू. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं. माझा नवरा, सगळ्या गावासमोर अक्षता टाकलेला नवरा, एक पूल ओलांडत नव्हता. आणि हिचा, ज्याच्याशी हिचा साखरपुडासुद्धा नाही, तो समुद्रापलीकडं बसून कागद गोळा करत होता. मी वाट बघते ना, मग तिनंही बघावी.

अंकिता उठून घरात गेली. तिनं ट्रंकेतून माझी पत्रिका काढली, येन्सच्या नावावर लाल पेनानं गोल केला, इंग्रजीत भाषांतर करून पाठवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नाव छापलेलं चालणार नाही, दोघं एकत्र दिसले पाहिजेत, वीस ऑक्टोबरपर्यंत द्या. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि मोबाईल उशीखाली ठेवून पडून राहिली. मी वर पत्र्याकडे बघत होते. मला बरं वाटत होतं. वाईटही वाटत होतं, पण आधी बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

त्या साली अधिक महिना आला होता, धोंड्याचा. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, त्यात आमचा पहिला जावई. आप्पांनी आठ दिवस आधी फोन केला. नवरा म्हणाला येतो. मला वाटलं, आला की जेवेल आणि मग मला घेऊन जाईल, म्हणजे न बोलता सगळं मिटेल. मी बॅग भरली. आईनं पहाटेपासून पुरण शिजवलं, तळलेले धोंडे ताटात रचले, चांदीचा दिवा घासून ठेवला. आप्पांनी नवा टॉवेल आणि टोपी पाटाशेजारी मांडली. अंकितानं माझ्यासाठी सुट्टी टाकली होती. बारा वाजता आप्पांचा फोन वाजला. जमत नाही, ड्युटी लागली. आप्पा फोनवर बरं बरं म्हणत राहिले आणि नंतर कितीतरी वेळ पाटाकडे पाठ करून उभे राहिले.

ताट तसंच होतं. कुणी उचललं नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, तर अंकिता मागे येऊन उभी. मला वाटलं, आता बोलेल, तुझा बघ आणि माझा बघ. बोलली असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या आणि मला मोकळं वाटलं असतं. पण ती तसं काही बोलली नाही.

“चल आक्के, मी सोडते तुला दौंडला,” ती म्हणाली. “लोकांना काय बोलायचं ते बोलू दे.”

कीव. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरगी माझी कीव करत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागातच मी चपला घातल्या. बॅग घेतली नाही. आई पाठीमागून म्हणत राहिली, अगं अशी आपणहून नको जाऊ.

अंकिता स्कूटी चालवत होती, मी मागे. तोंडाला मास्क, त्यावर स्कार्फ, त्यामुळं बोलायचं काम नव्हतं. उसाचे फड दोन्ही बाजूंनी मागं जात होते. जिथं येन्सचे गुडघे कानाला लागत होते तिथंच मी बसले आहे हे मला आठवलं. भीमेचा पूल आला. नदी दुथडी भरलेली होती. पुलाच्या मध्यावर मी तिच्या खांद्यावर हात मारला आणि गाडी थांबवायला लावली.

“अल्बम दौंडलाच हाय,” मी म्हणाले. “जूनपासनं. मी खोटं बोलले तुझ्याशी.”

तिनं मास्क खाली केला.

“म्हायती हाय. दाजींनी तवाच व्हॉट्सॲपला टाकलं व्हतं, अल्बमचा डबा आन् वर पेढे.”

मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का बसलीस, जायचं होतंस ना एक दिवस सुट्टी काढून, तुझ्याकडे गाडी आहे.

“तुला न्यायला कुणी आलं न्हाई, आन् तुझ्याआधी मी त्या उंबऱ्यात उभी ऱ्हायले आसते तर तुझं काय ऱ्हायलं आसतं?” ती म्हणाली. “तू देशील तवा घ्यायचा, आसं ठरीवलं व्हतं मी.”

वीस तारखेला आठ दिवस राहिले होते. या पोरीनं माझी लाज राखायला स्वतःचा माणूस पणाला लावला होता. एखादीला भरून आलं असतं. मला भरून आलंच, पण त्याच्या खालून तीच जुनी कळ उठली. हिचा चांगुलपणासुद्धा माझ्यापेक्षा मोठा निघाला. मी नुसतं चल म्हणाले.

दौंडला आमचं घर रेल्वेच्या चाळीच्या मागं आहे. दाराशी स्कूटी थांबली तेव्हा सासूबाई, सिंधूबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या, सूप तसंच ठेवून. चेहऱ्यावर आनंद होता की संकोच, मला ठरवता आलं नाही. थांब, तुकडा ओवाळते, मग आत ये, असं म्हणून भाकरीचा तुकडा आणि पाणी आणायला आत गेल्या. नवरा बाहेर आला. अंगात बनियन, हातात मोबाईल, डोळे झोपेतले नव्हते. ड्युटीवरचेही नव्हते.

“आगं, तू कशी काय?” तो म्हणाला. “मी येनारच व्हतो की या आठवड्यात.”

मी सात महिन्यांत या क्षणाची किती बोलणी तयार केली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हणाले, आपल्या लग्नाचा अल्बम द्या.

तो दारातच वळून ओरडला, आई, अल्बम कुठंय गं? त्याला माहीत नव्हतं. आतून सासूबाई म्हणाल्या, कपाटावर बघ, पंख्याच्या खोक्यामागं. तो स्टूल घेऊन चढला आणि डबा घेऊन आला. वर बोटभर धूळ. मी उंबऱ्याच्या बाहेरच, ओट्यावर बसले आणि डबा उघडला.

आतल्या अल्बमचं प्लास्टिक फोडलेलं नव्हतं.

फोटोग्राफरनं चिकटवलेली पट्टी जशीच्या तशी होती. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. डब्याचा फोटो काढून लोकांना दाखवला होता, पेढे वाटले होते, आणि आतली बायको कुणी उघडून बघितली नव्हती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोबाईल या हातातून त्या हातात घेत होता. म्हणाला, तू आल्यावर बरोबर बघावा म्हणून ठेवलेला. कदाचित त्यालाही त्या क्षणी तसंच वाटलं असेल.

मी नखांनी पट्टी तोडली. अंकिता स्कूटीजवळ उभी होती, जवळ आली नाही. मी पानं उलटत गेले. हळद, सीमांतपूजन, अक्षता. प्रत्येक फोटोत मी नवऱ्याकडे बघत होते आणि नवरा कॅमेऱ्याकडे. शेवटून चौथ्या पानावर स्टेज होतं. मधोमध आम्ही दोघं. माझ्या मागं अंकिता, हातात कलश. कडेला येन्स, डोक्यावर तिरका झालेला गुलाबी फेटा, हातात आहेराचं पाकीट पुढं केलेलं. आप्पा, सरपंच, चेअरमन, नवरा, सगळे समोर बघत होते. येन्स एकटा अंकिताकडे बघत होता, आणि ती खाली मान घालून हसत होती. पुरावा म्हणतात तो हाच. कुठल्याही देशाच्या साहेबाला कळला असता.

मी कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. असं कुणीतरी बघावं म्हणून तर मी नटले होते.

सासूबाई तुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी अल्बम मिटला, काखेत घेतला आणि उठले. त्या म्हणाल्या, आगं, सरळ उभी ऱ्हा, ओवाळू दे.

“न्हाई आत्या,” मी म्हणाले. “मी नांदायला आले न्हाई. अल्बम न्यायला आले व्हते.”

“आन् पुन्यांदा कवा येशील?”

मी नवऱ्याकडे बघून बोलले, मास्क खाली घेऊन, नीट ऐकू जावं म्हणून.

“अल्बम निमोण्यात आसंल. मीबी तितंच हाय. पायजे आसंल तर न्यायला या.”

तो काहीतरी म्हणाला, पण तोवर मी स्कूटीवर बसले होते. सासूबाई तुकडा हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांची मला दया आली, त्याची नाही.

पुलावर अंकितानं पुन्हा गाडी थांबवली. खंडोबापुढची शपथ मीच घातली होती, ती मीच मागं घेतली. कठड्यावर अल्बम ठेवून ते पान मोबाईलनं टिपलं, मी वाऱ्यानं पान उडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरलं. पहिला हलला, म्हणून दोनदा काढावा लागला. तिनं तिथंच तो येन्सला पाठवला. तिकडं तेव्हा सकाळ होती. उत्तर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही. अंकितानं वाचलं, डोळे पुसले, हसली, आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. बरंच काही लिहिलं होतं, तारखा, अर्ज, विमान, तिला किती दिवसांनी बघितलं ते. ते सगळं मी सोडून दिलं. खाली शेवटची ओळ मोडक्यातोडक्या मराठीत होती, इंग्रजी अक्षरांत, आणि ती माझ्यासाठी होती.

‘अंजनाताई लग्नात फार सुंदर दिसतात.’

लग्नाला आठ महिने झाले होते. हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. मी मोबाईल अंकिताला परत दिला आणि अल्बम पदराखाली घेतला.